मुरमावरचे वाफे

तेरखेड्यात भाजीचा वाफा म्हटला की खोलगट वाफा. चारी बाजूंनी वितीएवढे वरंबे, मधे सपाट रान. दारं फोडलं की पाटाचं पाणी आत येऊन उभं राहणार. सातशे-आठशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात पाणी अडवायचं, हीच शेतीची पहिली शिकवण. गादीवाफा आमच्याकडं नव्हता असं नाही, पण तो रोपवाटिकेपुरता. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच, मिरची-वांग्याचं रोप टाकायला. रोप उपटून झालं की त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नसे. मेथी, पालक, शेपू, चुका, मुळा अशी घरची सगळी भाजी उंच वाफ्यावर घ्यायची असं मी म्हटलं, तेव्हा चुलत सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "उंचावर पाणी चढतंय व्हय गं?"

हा प्रश्न निघाला तो सप्टेंबर २०२५ च्या पावसानंतर. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांत त्या महिन्याच्या शेवटी काय झालं ते महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. आमचा ओढ्याकाठचा पट्टा फार मोठा नाही, पण घरचा भाजीपाला वर्षानुवर्षं तिथलाच. पाणी ओसरल्यावर गेलो तर वरच्या अंगाला काळी माती उरलेलीच नव्हती. तांबूस मुरूम उघडा पडलेला, ठिबकच्या नळ्या बाभळीत अडकलेल्या, काढणीला आलेलं सोयाबीन मुळासकट गेलेलं. पीक गेलं तर पुढच्या हंगामाची आशा असते. इथं हंगाम ज्यात पेरायचा तेच गेलं होतं.

माती गेली हे डोळ्यांना दिसतं; किती गेली त्याला मात्र हिशोबच करावा लागतो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून फूटभर थर वाहून गेला तर ४३५ ब्रास माती गेली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण एक भरलेली ट्रॉली धरा. ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं होती. नुसत्या रोख रकमेला मातीनं भागलं तर ब्रासला चव्वेचाळीस रुपये पडतात. त्या भावात ट्रॅक्टरचं डिझेलही सुटत नाही. गाऱ्हाणं म्हणून हे लिहीत नाही, माप कळावं म्हणून लिहिते. सातबाऱ्यावर क्षेत्र जिथल्या तिथं आहे. लांबी-रुंदीच्या त्या कागदात खोलीचा रकाना नसतोच.

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. मिळेल तेवढी माती आणायची, पट्टाभर पसरायची, वरून रोटाव्हेटर मारायचा. माझं म्हणणं, पसरली तर ती चार बोटंसुद्धा भरणार नाही. थोड्या जागेत उंच करू. एका गुंठ्यावर, म्हणजे तेहतीस बाय तेहतीस फुटांवर, फूटभर माती टाकायला जवळजवळ अकरा ब्रास लागते. तीन फुटांचा वाफा आणि दोन फुटांची वाट अशी आखणी केली तर साडेसहा ब्रासमध्ये तेवढीच खोली मिळते. वाटेवर काही पिकत नाही, तिथं मुरूम असला तरी बिघडत नाही. उलट पावसात चिखल होत नाही. जिथं खाली खोदायला काही उरलं नाही, तिथं वर रचणं एवढाच मार्ग.

पट्ट्याचा निर्णय माझ्याकडं होता, म्हणून हे चाललं. आमच्या धाराशिव-लातूर भागात 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेनं बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयानं कसायला मागा, असं शिकवलं. त्यात आधी घरच्या खाण्याचं पेरायचं, धान्य आणि भाजीपाला. २०१६ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मी काही त्यांच्या गटात नव्हते. पण आजूबाजूच्या बायका असं मागू शकतात हे ऐकल्यावर मीही मागितलं, आणि ओढ्याकाठचा पट्टा मिळाला. चांगलं खोल काळं रान कुणी देत नाही, हे ओघानं आलंच.

तसा उंच वाफा गावाला अगदी परका नाही. सोयाबीन आता पुष्कळ जण बीबीएफ यंत्रानं, रुंद वरंबा-सरीवर पेरतात. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत सत्तरच्या दशकात काळ्या जमिनीसाठी हा आकार बसवला गेला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानं तो मराठवाड्यात रेटला. पण तिथं मुख्य हेतू जास्तीचं पाणी सरीतून बाहेर काढण्याचा. काळी माती पावसात फुगते, तिच्या फटी बंद होतात, हवा कोंडते आणि हस्ताच्या झडीत मुळं गुदमरतात. खोल काळ्या रानात वाफा उंच करायचा तो पाण्यातून वर निघायला. माझ्या मुरमावर पाणी थांबतच नव्हतं. मला वाफा हवा होता तो मुळांना ऊर मिळावा म्हणून. आकार एक, कारणं उलटी. चुलत सासऱ्यांना हे समजावताना माझा बराच घसा कोरडा पडला.

कामाला दिवाळीनंतरच हात लागला, आणि त्याला कारण आहे. तेरखेडा फटाक्यांचं गाव. हायवेच्या कडेला फटाक्यांची दुकानं, शिवारात कारखान्यांच्या शेडा. दिवाळीआधी रोजंदारीच्या बायका तिकडं गुंतलेल्या असतात, शेताला माणूस मिळत नाही. दिवाळी सरली की हात मोकळे होतात आणि नेमका तेव्हाच हिवाळी भाजीचा हंगाम उघडतो. गावाचं हे गणित बाहेरच्या सल्लागारांना कळत नाही. ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वाफे तयार ठेवा म्हणतात.

माती आणली ती तीन ठिकाणांहून. पहिली आमचीच, वाहून गेलेली. पट्ट्याच्या खालच्या टोकाला दगडी ताल आहे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात की बहात्तरच्या दुष्काळात कामावर जाऊन त्यांनी तो घातला. तेव्हा त्या नुकत्या नांदायला आलेल्या. तालाचं एक खांड फुटलं होतं, पण कोपरा टिकला, आणि त्या कोपऱ्यात गाळ गुडघाभर साचला. पाणी माती नेतं ते चाळून नेतं. जड रेती आधी टाकतं, बारीक चिकणमाती शेवटी. कोपऱ्यातला गाळ त्यामुळं मऊ, चकचकीत, दिसायला देखणा आणि आतून रिकामा. त्यात पालापाचोळा नाही, कण धरून ठेवणारा कुजका अंश नाही. वाळला की फरशीसारखा तडकतो. तसा गाळ नुसताच माती समजून त्यात बी टाकलं तर कोंब वर येऊ शकत नाही.

दुसरी माती पांढरीची. आमचं जुनं धाब्याचं घर गावठाणात पडून आहे. अशा पडक्या घराची माती रानात नेऊन टाकायची पद्धत जुनी आहे. तेर गावात तर सातवाहनकाळापासूनच्या पांढरीची टेकाडं आहेत. त्यांतून निघणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केली आणि त्यांच्या संग्रहातून तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. आमच्या पडक्या घरात पुराणवस्तू निघण्याचा संभव नव्हता. निघाली एक जात्याची खुंटी आणि गोठ्याकडच्या भिंतीला लागलेला लोणा. मला हवा होता तो लोणाच. पिढ्यान्पिढ्या गुरांचं मूत-शेण मुरून मातीतले जिवाणू त्याचा सोरा करतात, तो भिंतीवर पांढरा फुलतो. पूर्वी असली माती धुऊन, आटवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत. आमच्या गावाला सोरा काय ते सांगायला नको. मात्र खतांच्या दुकानात १३-०-४५ नावाची जी पांढरी पिशवी ठिबकातून सोडायला मिळते तीही पोटॅशियम नायट्रेटच, म्हणजे सोराच, हे कारखान्यात जाणाऱ्या एका मावशीला सांगितलं तेव्हा तिनं वाफ्याकडं जरा संशयानं पाहिलं. लोण्याची माती हलक्या हातानंच वापरायची, दहा घमेल्यांना एक. जास्त झाली तर क्षारानं रोपांची टोकं करपतात.

तिसरं शेणखत. भूम-वाशीचा हा टापू खव्याचा आहे. म्हशी आहेत, भट्ट्या आहेत, त्यामुळं शेण मागं आहेच. पण खड्ड्यातलं पूर्ण कुजलेलं, काळं, वास नसलेलं खत आणि उकिरड्यावरचं अर्धं कच्चं खत यांत फरक आहे. कच्च्यात हुमणी येते, वाळवी येते, आणि ते रानात कुजताना रोपांच्या वाट्याचा नत्र खाऊन टाकतं. खव्याच्या भट्टीवाल्यानं राखही देऊ केली, फुकट. कुंडीतल्या बागेपासून आमराईपर्यंत सगळीकडं राख टाका असं सांगणारे लोक असतात. ती मी घेतली नाही. राख आम्लधर्मी मातीला उपकारक. आमची माती मुळातच चुन्याची.

चुना इथं पुस्तकातून शिकावा लागत नाही. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते, तेव्हा लाखो माणसं चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचून देवीला वाहतात. काळ्या रानात पांढरे खडे सापडणं हा तिथं उत्सव आहे. भाजीला तो त्रास आहे. अशा मातीत लोह नि जस्त असूनही मुळांना उचलता येत नाही. मेथीची, पालकाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि माणूस युरिया मारत सुटतो. मी माती तपासून घेतली. इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची चकती, सगळ्या जागांची माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत उरते ती अर्धा किलो. सामू आठाच्या वर आला. त्यावर इलाज गंधकाचा, खतांच्या दुकानातल्या. मातीतले जिवाणू गंधकाचं हळूहळू आम्ल करतात, तेवढ्यापुरता मुळांजवळचा चुना नरमतो. फेरस सल्फेट टाकायचं तर सुटं नाही, शेणखतात आठवडाभर मुरवून. उघडं टाकलं तर चुना ते गिळतो. गंधक आणि सोरा, दोन्ही माझ्या वाफ्यात गेलं. तिसरा कोळसा तेवढा राहिला, नाहीतर पूर्ण फटाका झाला असता, असं ह्यांचं म्हणणं.

वाफा रचण्याआधी मुरूम खणला. हे काम कुणालाच पटलं नाही. वर फूटभर माती येणार, मग खालचं कशाला उकरायचं? पण बारीक मातीखाली एकदम खडबडीत थर आला की पाणी सीमेवर थबकतं. वरची माती पुरती भिजून गच्च होईपर्यंत ते खाली उतरत नाही. बघणाऱ्याला वाटतं निचऱ्याची जमीन आहे, आणि मुळं मात्र चिखलात. म्हणून टिकावानं मुरूम वीतभर सैल केला, त्यात थोडा गाळ आणि खत मिसळलं, मग त्यावर पुढची माती. तो सांधा असा मिटवला की हाताला कळू नये कुठं मुरूम संपला.

मिसळणं वाफशावरच. गाळ ओला असताना खोरं मारलं तर त्याचे चिकट गोळे होतात आणि ते वाळून दगड बनतात; पार वाळल्यावर मारलं तर ढेकळं फुटत नाहीत, नुसता धुरळा उडतो. मूठभर माती आवळायची, लाडू झाला पाहिजे. कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. हिवाळ्यात गाळ या अवस्थेला यायला वेळ लावतो आणि आल्यावर दोन-तीन दिवसच राहतो. मजूर सांगून ठेवलेले असतात सोमवारी, वाफसा येतो गुरुवारी. शेतीतले निम्मे तंटे याच गोष्टीवरून होत असावेत.

पहिला वाफा तयार झाला आणि आत्या त्यावर चढल्या. सवयीनं. त्यांच्या हातची मेथी गावात नावाजलेली, आणि त्यांची रीत अशी की बी फोकायचं, दंताळ्यानं झाकायचं, मग पायानं हलकं दाबत जायचं. मी म्हटलं, "आत्या, वाफ्यात पाय नको." त्या म्हणाल्या, "माती बसवल्याबिगर बी कसं धरंल गं?"

तेरणा नदी आमच्या गावाजवळच उगम पावते आणि खाली तेरला जाते. तेर गोरोबाकाकांचं गाव. विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं मूल आल्याची त्यांची कथा या भागात लहान पोरांनाही माहीत असते. कुंभाराला माती तुडवावीच लागते. चिकणमातीचे कण कागदाच्या कपट्यांसारखे चपटे. ओल्यात तुडवले की एकावर एक बसतात, मधली हवा जाते, आणि म्हणून मडकं पाणी धरतं. भाजीला नेमकं याच्या उलट हवं. तीच माती, तेच पाणी, आणि एका पावलानं दोन्हीकडं निरनिराळा न्याय. उंच वाफ्याचा खरा फायदा मला उंचीपेक्षा यात दिसतो, की पायाची जागा पायाला आणि मुळाची मुळाला. तीन फुटांची रुंदीही त्यासाठीच. वाटेत बसलेल्या बाईचा हात दोन्ही बाजूंनी मधल्या ओळीपर्यंत पोचतो.

आत्यांचंही खोटं नव्हतं. पोकळ मातीत बियाला ओल लागत नाही, बी अधांतरी राहतं. त्यावर आम्ही तोड काढली. वाटेत उभं राहून फळकुटानं वाफा दाबायचा. ते फळकूट आता आत्यांच्या ताब्यात आहे आणि त्या ते दुसऱ्या कुणाला धरू देत नाहीत.

पेरायला आधी उथळ मुळांच्या भाज्या घेतल्या. मेथी, पालक, शेपू, चुका. धने रगडून दोन भाग केले, रात्रभर भिजवले, मग ओळीत टाकले. बी झाकायला गाळ-माती नाही, चाळलेलं शेणखत. तेही अर्ध्या बोटाचं. पाणी पडलं की गाळाचा पापुद्रा धरतो आणि मेथीचे कोंब त्याला डोक्यानं रेटत वाकडे होतात, खतावर पापुद्रा धरत नाही. वांगी या वाफ्यावर लावली नाहीत. वांग्याचं झाड महिनोन्‌महिने राहतं आणि मूळ खोल धाडतं, त्याला फूटभर ऊर पुरणार नाही. पावटा बांधाच्या कडेला, जिथं जुनी माती शिल्लक होती तिथं.

प्रत्येक वाफ्याच्या टोकाला मुळा लावला, तो खाण्यापेक्षा तपासणीसाठी. मातीची खोली बघायला मुळ्याइतकं चांगलं हत्यार नाही. सरळ, लांब निघाला तर खाली वाट मोकळी. दुभंगला तर दगड. एकदम आडवा वळला तर तिथं थर जुळला नाही. आमच्या बहुतेक वाफ्यांवर मुळा सरळ आला. ओढ्याकडच्या एका वाफ्यावर सगळे मुळे एकाच उंचीवर वळलेले निघाले. तो वाफा ज्यांनी खणला त्यांना मी काही बोलले नाही. टिकाव माझ्याही हाताला लागलेला होता; त्या मुरमावर घाव घातला की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. दुसऱ्या पेऱ्याआधी तेवढा पुन्हा उकरला.

पाणी कसं चढतं, या चुलत सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर ठिबकाच्या नळीनं दिलं. बाभळीतून सोडवलेल्या लॅटरल धुऊन, छिद्रं साफ करून, वाफ्यागणिक दोन अंथरल्या. मुरमावर एकदम खूप पाणी देणं म्हणजे ते ओढ्याला परत करणं. थोडं आणि रोजच्या रोज द्यावं लागतं. वर सोयाबीनचं भुसकट, बरड्यावरच्या रानातलं. मल्चिंग पेपर दुकानदारानं सुचवला होता. टरबुजाला, मिरचीला तो ठीक. पण जिथं मातीत कुजणारं काही नाही ही मुख्य रड आहे, तिथं न कुजणारं अंथरण्यात मला अर्थ वाटला नाही. पुरानं आणलेलं प्लॅस्टिक वेचण्यातच आमचे पुष्कळ दिवस गेले होते.

वाफे बसतात, हे मात्र आधी माहीत असावं लागतं. फूटभर रचलेला वाफा महिन्याभरात चार बोटं खाली येतो. ती खोटी माती जाते, असं आत्या म्हणतात. दर पेऱ्याला वरून खताचा थर द्यायचा, कुदळीनं उलथायचा नाही. मेथी उपटून निघते, तिच्यासोबत मुळं जातात. पालक-शेपू मात्र कापून घ्यायचे, मुळं आत कुजू द्यायची. बाजारात मेथीची जुडी दहाला गेली, कधी पाचला. पावसानं पुष्कळांचा भाजीपाला गेल्यामुळं सुरुवातीला भाव होता, संक्रांतीच्या सुमारास पडला. पट्ट्याचा खर्च यातून निघालेला नाही. घरात विकतची भाजी आली नाही, एवढं झालं.

चिमटीत धरून पाहिलं तर माती अजून गाळासारखीच लागते, फक्त जरा कमी चिकट. पहिली गांडुळं शेणखताबरोबर आलेली होती. ती राहतात की ओढ्याकडच्या जुन्या मातीत निघून जातात, हे उन्हाळ्यानंतर कळेल. वैशाखात पाझर तलाव आटला की 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'मधून गाळ उचलता येतो. ही योजना २०१७ पासूनची. तो आणायचं नक्की झालंय. आणून काय करायचं यावर घरात दोन पक्ष आहेत. ह्यांना वाटतं की आता गाळ भरपूर मिळणार आहे तर वाफे मोडून पट्टा सपाट करावा, सोयाबीन पेरावं. मला पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात आणखी वाफे हवेत आणि गाळ मेमध्ये वाळून तापल्याशिवाय हलवायचा नाही. तालाचं फुटलेलं खांड पावसाआधी बांधायचं, यावर तेवढं दोघांचं एकमत. आखणीच्या खुंट्या आणि सुतळी मी आणून ठेवलीय. रोटाव्हेटरवाल्याला ह्यांनी अजून नको म्हणून सांगितलेलं नाही.